फिनेलवर बंदी, फवाऱ्याला मोकळीक

सुनेला दिवस गेल्याचं कळलं की घरात बंदीहुकूम सुटायला लागतात. अजिंठा, शिवना, फर्दापूर हा सगळा कापूस-मक्याचा पट्टा. इथल्या घरांत पपई नको, ग्रहणात विळीला हात नको, हे जुनंच होतं. आता त्यात नव्या कलमांची भर पडली आहे. फिनेलने फरशी पुसायची नाही, संडासात अ‍ॅसिड टाकायचं नाही, केसांना काळं लावायचं नाही. कुणाच्या तरी मोबाइलवर व्हिडिओ येतो आणि संध्याकाळपर्यंत फडताळातल्या दोन बाटल्या गायब होतात. सासू म्हणते, "पोटुशी हायेस, तुला काय कळतंय?" माहेरहून आई रोज फोन करून आज काय खाल्लं, काय हुंगलं याचा हिशेब घेते. दवाखान्यात तर डॉक्टरांनी लेकीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आईच देऊन मोकळी होते, शेवटची पाळी कधी आली होती इथपर्यंत.

या काळजीला हसू नये. तिच्या मागे जगाने फार महागात घेतलेला अनुभव आहे. वार म्हणजे बाळाभोवतीची भिंत, आईच्या रक्तातलं वाईट ती अडवते, असं एकेकाळी डॉक्टरही धरून चालायचे. 1957 साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचं झोपेचं औषध बाजारात आलं आणि गरोदर बायकांना मळमळीवर सर्रास दिलं गेलं. 1961 मध्ये ते मागे घेईपर्यंत जगभरात दहा हजारांच्या आसपास मुलं हातापायांची व्यंगं घेऊन जन्मली होती. जपानमधल्या मिनामाताला कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा मासळीतून पोटात गेला. तिथे ज्या बायकांना स्वतःला फारसा त्रास जाणवला नाही, त्यांच्याही पोटी मेंदूला गंभीर इजा झालेली मुलं आली. तेव्हा आजीबाईची भीती खरी आहे. चुकतो तो तिचा नेम.

कुठलंही रसायन बाधणार की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं: शरीरात किती गेलं, कोणत्या वाटेनं गेलं आणि कितव्या आठवड्यात गेलं. यातल्या आठवड्यांचं गणित घरात सहसा कुणी मांडत नाही. गर्भ राहिल्यापासून साधारण अठ्ठावीस दिवसांत बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी मिटून पूर्ण होते. म्हणजे पाळी चुकल्यावर जेमतेम दोन आठवडे. बहुतेक घरांत बातमी थोरल्यांपर्यंत पोहोचते तेव्हा हा टप्पा मागे पडलेला असतो, आणि बंदीहुकूम त्याच्याही नंतर निघतो. म्हणूनच फोलिक अ‍ॅसिडची गोळी मूल हवं असं ठरवल्यापासूनच घ्यायला सांगतात. बाकीचे अवयव पहिल्या तीन महिन्यांत आकार घेतात. मेंदूची वाढ मात्र नऊही महिने आणि पुढेही चालू राहते, त्यामुळे शिशासारख्या विषाला अमुक महिन्यानंतर चालेल अशी सवलत नाही.

आता फडताळातल्या बाटल्या पाहू. बादलीभर पाण्यात झाकणभर फिनेल टाकून, दारं-खिडक्या उघडी ठेवून फरशी पुसली तर त्यातून बाळापर्यंत काही पोहोचेल असं मानायला फारसा आधार नाही. वासाने मळमळतं हे खरं, आणि तेवढ्या कारणासाठी ते काम घरातल्या दुसऱ्या कुणी केलं तर उत्तमच. संडासाच्या अ‍ॅसिडची गोष्ट थोडी वेगळी आहे. बाजारातल्या बाटलीत साधारण 10 टक्के हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं, सुटं मिळतं त्यात याहून जास्त. ते ब्लीचिंग पावडरवर पडलं की क्लोरिन वायू सुटतो. संडासाच्या बंद खोलीत तो छातीत भरला तर गरोदर असो नसो, कुणाचाही श्वास कोंडतो. दोन्ही एकत्र करायची नाहीत, एवढा एकच नियम भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे. केसांच्या काळ्या रंगातलं कातडीवाटे आत जातं ते अगदी थोडं, आणि डॉक्टर बहुधा पहिले तीन महिने थांबा एवढंच सांगतात.

डासांची कॉइल मी या यादीत वर नेईन. एका कॉइलच्या धुरातून बाहेर पडणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींच्या धुराइतके भरले, असं 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत आढळलं होतं. आणि आपण ती खाटेखाली लावून दार ओढून घेतो. डास चावू द्यावेत असं कुणी म्हणणार नाही. गरोदरपणात डेंगी आणि हिवताप दोन्ही वाईट. पण मच्छरदाणी धूर सोडत नाही, आणि तिला वीजही लागत नाही.

डांबरगोळ्यांकडे तर कुणाचंच लक्ष जात नाही. बाळंतविड्यातली दुपटी, झबली, आजीच्या हातची गोधडी वर्षानुवर्षं पत्र्याच्या पेटीत या गोळ्यांसोबत पडून असतात आणि बाळ आलं की थेट त्याच्या अंगावर जातात. त्यातलं नॅप्थलीन कातडीतून आणि श्वासातून आत जातं. ज्या बाळांत जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि कावीळ विकोपाला जाते. ही कमतरता आपल्याकडे दुर्मीळ नाही, आणि ती घरच्यांना आधी ठाऊक असण्याची शक्यता कमी. कपडे धुऊन, दोन-चार दिवस कडक उन्हात वाळवून मगच वापरायचे. पेटीत गोळ्यांऐवजी कडुनिंबाचा वाळला पाला चालतो. पाळणा रंगवून घ्यायचा असेल तर डब्यावरची तारीख आणि शिशाबद्दलची ओळ वाचावी. घरगुती रंगात दहा लाख भागांमागे 90 भागांहून जास्त शिसं नको, हा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. जुना रंग खरवडणं मात्र गरोदर बाईच्या अंगावर टाकू नये. शिसं त्या धुळीतच असतं.

इथपर्यंतचं सगळं घराच्या आतलं. ज्याची खरी धास्ती घ्यावी ते रसायन घरात राहत नाही, बाहेरून येतं.

श्रावण ते दसरा हे कपाशीच्या फवारणीचे दिवस. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते विसरायला नको. पुरुषभर उंच कपाशीत, उकाड्यात, औषधांची मिश्रणं फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. मेले ते फवारणारे. पण फवारणी एकट्या पुरुषाच्या हाताने होत नाही. पंपासाठी पाणी वाहून आणणं, औषध कालवणं, दुसऱ्या दिवशी त्याच ओळीत खुरपणं, आणि संध्याकाळी घामाने व औषधाने भिजलेले कपडे धुणं ही कामं बायकांची. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं कातडीतून आरामात आत शिरतात. उघड्या हातांनी तो सदरा चोळणारी बाई जी मात्रा घेते, तिच्यापुढे फिनेलची बादली किस झाड की पत्ती.

आणि नेमकं इथे बंदीहुकूम गप्प बसतो. "फिनेलला हात लावू नको" म्हणणारी सासू "त्याचे कपडे त्याचे तो धुईल" असं म्हणत नाही. पंप ओसरीवर, उरलेली बाटली देवळीत, आणि रिकाम्या डब्यात रॉकेल किंवा खायचं तेल, हे चित्र गावोगाव आहे. थोरल्यांचा अधिकार सुनेच्या ताटावर, झोपेवर, चालण्या-बोलण्यावर चालतो. मुलाच्या पंपापाशी आला की संपतो. मर्यादा ओलांडणाऱ्या आई-सासूबद्दल तक्रारी बऱ्याच होतात. माझी तक्रार उलटी आहे, त्या जिथे ओलांडायला हवी तिथे थबकतात.

धुराचंही असंच. चुलीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आईच्या रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो, आणि पोटातल्या बाळाचं रक्त तर त्याला आईच्या रक्तापेक्षाही घट्ट धरून ठेवतं. कमी वजनाची बाळं आणि घरातला धूर यांचा संबंध अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसला आहे. 2016 पासून उज्ज्वला योजनेचा सिलिंडर घरोघर पोहोचला, पण संपलेला सिलिंडर भरायला पैसे नसले की पुन्हा चूल पेटते. त्यावर कडी म्हणजे बाळंतिणीची खोली. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा आणि वावडिंगाची धुरी, वारा लागू नये म्हणून कोंडून घेतलेलं दार. ऊब द्यायचा हेतू चांगला आहे आणि शेकाने अंग हलकं होतं हे बायकांचं म्हणणंही खोटं नाही. पण बंद खोलीतल्या निखाऱ्याला वास नसलेला वायू सोडायची खोड आहे. शेक हवा तर गरम पाण्याच्या पिशवीचा घ्यावा. शेगडीशिवाय भागणारच नसेल तर ती अंगणात पेटवावी आणि दार उघडं असावं.

मिसरीबद्दल बोललं की आज्या नाराज होतात, तरी बोलतो. मुंबईत 1217 गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा करून केलेला एक अभ्यास 2004 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यातल्या तंबाखूवाल्यांत मिसरी लावणाऱ्याच बहुसंख्य होत्या. तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरलं आणि बाळंतपण सरासरी सहा दिवस आधी झालं. दात घासायचं म्हणून सासू-सुना एकाच डबीतून बोट फिरवतात, आणि ती डबी कुणी फडताळातून गायब करत नाही.

अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेणीत गाभाऱ्याच्या उजवीकडच्या कोनाड्यात हारिती बसली आहे, शेजारी नवरा पांचिक. पायथ्याशी चक्क शाळा भरली आहे, पंतोजी आणि दंगेखोर पोरं. तिची कथा अशी की तिला आपल्या लेकरांचं इतकं वेड होतं की त्यांच्यासाठी ती राजगृहातली दुसऱ्यांची पोरं उचलून न्यायची. बुद्धांनी तिचं सगळ्यात धाकटं लपवलं तेव्हा तिला दुसऱ्या आयांचं दुःख कळलं आणि पुढे तीच बालकांची रक्षणकर्ती झाली. त्याच लेणीच्या भिंतीवर मायादेवीचं स्वप्न आणि बुद्धजन्म रंगवला आहे. बाळंतपणाला माहेरी निघालेली माया वाटेत लुंबिनीतच मोकळी झाली, ही कथा आपल्या बायकांना परकी वाटत नाही. पहिलं बाळंतपण आजही माहेरी होतं. त्यामुळे सातव्या महिन्यापर्यंत सासूचा कायदा आणि डोहाळजेवणानंतर आईचा, असं राज्य बदलतं. मधली बाई दोन्हीकडे प्रजाच. हारितीच्या मायेबद्दल कुणाला कधीच शंका नव्हती. प्रश्न होता तो त्या मायेत आणखी कुणाची गणती होते का, हा. येणाऱ्या नातवासाठी जीव टाकणाऱ्या घरात त्याला वाढवणाऱ्या बाईचं म्हणणं किती वेळा ऐकलं जातं?

तिचं म्हणणं ऐकायची सोय सरकारी व्यवस्थेत आहे, वापरली पाहिजे. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. त्या दिवशी घरातल्या ज्या बाटल्यांवरून वाद आहे त्यांच्या लेबलांचे फोटो मोबाइलमध्ये काढून न्यावेत. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. तो फोटोत यायला हवा. आणि डॉक्टरांनी विचारलं तर उत्तर जिचं पोट आहे तिने द्यावं. आई सोबत असावी, पण तिची खुर्ची थोडी मागे. लेकीला काही एकटीने सांगायचं असेल तर आशाताईंना आधी सांगून ठेवलं की त्या आईला दोन मिनिटं बाहेर बोलण्यात गुंतवतात, ही कला त्यांना साधलेली असते.

घरात सासूबाईंचा शब्द मोडला जात नसेल तर तो शब्द फवारणीच्या दिवसांत कामाला लावता येतो. पंप आणि औषध गोठ्यापलीकडे, कुलपात. फवारून आलेल्याने उंबरा ओलांडण्याआधी साबणाने अंघोळ करायची, कपडे बाहेरच्या बादलीत स्वतः भिजवायचे, वेगळे धुवायचे, आणि तोवर पोरांना उचलायचं नाही. मुलाला हे बायकोने सांगितलं तर तो हसण्यावारी नेईल. आईने दारात उभं राहून सांगितलं तर नेणार नाही.

आणि तरीही कधी औषध अंगावर सांडलंच, तर घाई करायची ती योग्य गोष्टीची. कपडे लगेच उतरवायचे, साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवायचं. पोटात गेलं असेल तर मीठ-पाणी किंवा लिंबू पाजून उलटी काढायची नाही, मग घरातलं कितीही मोठं माणूस ते पाजायला बसलेलं असो; उलटीतलं औषध फुफ्फुसात उतरलं की दुखणं दुप्पट होतं. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, तोंडाला लाळ सुटणं, घाम, उलट्या, छातीत घरघर दिसली तर 108 ला फोन. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय इथून शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणून पहिली गाठ जवळच्या सरकारी रुग्णालयाची. जाताना बाटली सोबत घ्यायची, पिशवीत बांधून, लेबल वाचता येईल अशी. आणि बाई किती महिन्यांची गरोदर आहे हे दारातच, सगळ्यात आधी सांगायचं.