चाकांवरचें घर घेऊन जुन्नर-आंबेगांवास

सहलीची गोष्ट निघाली म्हणजे घरांत प्रथम स्थळांची यादी होते, नंतर गाडीची चौकशी होते, मग खर्चाचा अंदाज बांधला जातो. आणि कोण कोण येणार हा प्रश्न अगदीं शेवटीं विचारला जातो. हा क्रम उलटा आहे असें आमचें अनुभवान्तीं मत झालें आहे. तो अनुभव वाचकांच्या उपयोगीं पडावा एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

अलीकडे निजण्या-बसण्याची, स्वयंपाकाची आणि शौचाचीहि सोय असलेलीं मोटारघरें भाड्यानें मिळूं लागलीं आहेत. त्यांस सामान्यतः कॅरॅव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं या प्रकारच्या पर्यटनाचें धोरणहि जाहीर केलें. अमेरिकेंतील कुटुंबें अशीं घरें हांकीत थेट मेक्सिकोच्या समुद्रकांठापर्यंत उतरतात. सरहद्द ओलांडतांना त्यांना मेक्सिकोंत चालणारा वेगळा विमा घ्यावा लागतो. आणि अंधार पडल्यावर गाडी रस्त्यावर असूं नये, असें तिकडे जाऊन आलेले लोक नवख्यांस बजावतात. पुण्याहून जुन्नरास जाणाऱ्यास सरहद्द नाहीं. चाकणची गर्दी ओलांडली कीं निम्मी लढाई जिंकली. परंतु अंधाराचा तो नियम मात्र त्यालाहि तितकाच लागू आहे. त्याचें कारण पुढें येईल.

आमच्या घरीं लहानमोठीं मिळून अकरा माणसें. तरुण मंडळींनीं तीन दिवसांचा बेत आंखला, त्यांत आठ स्थळें होतीं : ओझर, लेण्याद्रि, शिवनेरी, खोडद, नाणेघाट, माळशेज, भीमाशंकर आणि गिरवलीची वेधशाळा. कागदावर सर्व सुरेख बसलें होतें. मातोश्रींना तो कागद वाचून दाखविला तेव्हां त्या म्हणाल्या, "तुम्ही जा सगळीं. घर राखायला कोणी तरी हवेंच." त्यांचें वय ऐंशीच्या घरांत आहे, तेव्हां त्यांचें म्हणणें सर्वांनीं मुकाट्यानें मान्य केलें, आणि खरें सांगावयाचें तर कांहींना हायसेंहि वाटलें.

खरें कारण धाकट्या सूनबाईंनीं शोधून काढलें. गेल्या वर्षीं एका लग्नास जातांना मातोश्रींनीं दिवसभर पाण्याचा घोट घेतला नव्हता. वाटेंतील शौचकूपास निसरड्या पायऱ्या होत्या, धरावयास कठडा नव्हता, आणि गाडी वारंवार थांबवा म्हणण्याचा त्यांना संकोच वाटत होता. घर राखण्याची हौस त्यांना नव्हतीच. प्रवासांत दुसऱ्यांस आपला जाच होईल ही धास्ती होती. हें कळल्यावर आम्हांला आमचीच लाज वाटली. ज्या गाडींत शौचाची सोय आहे म्हणून तिचें दुप्पट भाडें आम्ही देणार होतों, ती सोय जिला सर्वांत अधिक हवी तिलाच आम्ही घरीं ठेवून निघालों होतों!

तो कागद आम्हीं फाडला आणि मातोश्रींनाच विचारलें, "तुम्हांला काय पाहावयाचें आहे?" त्यांनीं आमच्या आठांपैकीं एकाचेंहि नांव घेतलें नाहीं. त्या म्हणाल्या, "आंबेगांवचें पाणी दाखवा मला."

ज्या आंबेगांवावरून तालुक्यास नांव पडलें तें जुनें गांव आतां जमिनीवर नाहीं. घोड नदीवर डिंभें येथें धरण झालें आणि तें गांव त्याच्या जलाशयांत गेलें. तालुक्याची कचेरी घोडेगांवास आहे. आंबेगांव हें नांव मात्र तालुक्याला राहिलें. मातोश्रींचें आजोळ त्या गांवीं होतें, हें आमच्यापैकीं निम्म्या लोकांस त्या दिवशीं प्रथम समजलें.

मुक्काम आधीं, स्थळें मागाहून

दुसरा बेत आम्हीं उलट्या टोंकानें केला. प्रथम माणसें. मोटारघरांत सहांची निजण्याची सोय होती. तींत मातोश्री, त्यांच्या सोबतीस एक सूनबाई आणि मुलें. बाकीच्यांनीं घरची लहान मोटार घेऊन मागून यावें आणि रात्रीं खोल्यांत निजावें असें ठरलें. एकत्र कुटुंबानें सगळ्यांनाच एका गाडींत कोंबण्याचा हट्ट धरूं नये. गाडीचा चालक हाहि मोजणींत धरावा. दिवसभर घाटावळणांतून अवजड गाडी हांकणाऱ्याला रात्रीं बसल्या बैठकीवर निजवणें हें अमाणुसकीचें तर आहेच, शिवाय दुसऱ्या दिवशीं सर्वांच्या जिवाशीं खेळ आहे. आम्हीं त्यांच्यासाठीं स्वतंत्र खोली घेतली.

नंतर रात्रीचा मुक्काम. मोटारघर मिळालें म्हणजे वाटेल त्या माळावर, नदीकांठीं किंवा शेताच्या बांधावर उतरतां येईल अशी कल्पना होते. जुन्नर-आंबेगांवांत ती कल्पना सोडून द्यावी. धरणांचें पाणी आल्यावर येथें उंसाचे फड वाढले, आणि त्या फडांतच बिबटे राहूं लागले. त्यांचीं पिलें उंसांतच जन्मतात आणि तेथेंच वाढतात. जुन्नरजवळ माणिकडोह येथें पकडलेल्या व जखमी बिबट्यांसाठीं निवारा-केंद्र चालविलें जातें. २०२५ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत शेजारच्या शिरूर तालुक्यांतील पिंपरखेड येथें बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलेंहि दगावलीं. हें वाचकांस भिवविण्यासाठीं लिहीत नाहीं. तेथील शेतकरी कुटुंबें ही काळजी बारा महिने वाहात असतात; दोन रात्रींच्या पाहुण्यांनीं ती विसरूं नये, एवढेंच.

म्हणून आम्हीं भोंवतीं कुंपण आणि रात्रभर दिवा असलेलें एक कृषि-पर्यटन केंद्र आधीं फोनवर ठरविलें, आणि दोन्ही रात्री तेथेंच काढल्या. नियम तीनच होते. दिवस मावळण्यापूर्वीं गाडी कुंपणाच्या आंत यावी. अंधार पडल्यावर मुलांनीं एकट्यानें खालीं उतरूं नये. उष्टें-खरकटें बाहेर टाकूं नये, कारण त्यावर कुत्रीं जमतात आणि कुत्र्यांच्या मागानें बिबट्या येतो. रात्रीं शौचासाठीं कोणास उघड्यावर जावें लागलें नाहीं. मातोश्रींसाठीं घेतलेली सोय अशी सर्वांच्याच रक्षणाची झाली.

गाडी ताब्यांत घेतांना

भाडें ठरविण्यापूर्वीं गाडी डोळ्यांनीं पाहावी. पायरी किती उंच आहे आणि धरावयास दांडा आहे कीं नाहीं, हें वृद्ध माणसास प्रत्यक्ष चढवून पाहावें. आम्हीं एक लांकडी पाट बरोबर घेतला, त्याचा फार उपयोग झाला. गोड्या पाण्याची टांकी किती लिटरची, सांडपाण्याची किती, आणि मैल्याची टांकी कोठें रिकामी करावयाची, हें विचारण्यांत संकोच करूं नये. ती कुकडीच्या पात्रांत किंवा कालव्यांत ओतणें हें पाप आहे. खालचीं गांवें तेंच पाणी पितात. मुक्कामाच्या जागीं तशी सोय असल्याची खात्री आम्हीं आधींच करून घेतली होती. स्नानें केंद्रावर उरकावीं, टांकींतील पाणी हातपाय धुण्यास व भांड्यांस ठेवावें.

चालत्या गाडींत शेगडी पेटवूं नये आणि सिलिंडरची कळ बंद ठेवावी. सर्वांनीं पट्टे बांधून बसावें. घर म्हणून त्यांत हिंडूं लागल्यास एका वळणासरशीं डोकें फुटावयाचें. कपाटांच्या कड्या दोनदां तपासाव्या. आमची मेतकुटाची बरणी पहिल्याच गतिरोधकावर खालीं आली आणि मेतकुटाचा वास तीन दिवस दरवळत राहिला. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लाडू आणि दाण्याची चटणी घरून न्यावी. गाडींत भात-आमटी व चहा यापलीकडे स्वयंपाकाचा घाट घालूं नये. गाडीची उंची लक्षांत ठेवावी. वडाच्या खालीं आलेल्या फांद्या आणि लोंबत्या तारा यांचा विचार लहान मोटारींत कधीं करावा लागत नाहीं. जुन्नरच्या जुन्या पेठेंतील गल्ल्यांत ती गाडी घालूं नये, बाहेर उभी करावी.

तीन दिवस

पहिल्या दिवशीं पहांटे पांचास पुणें सोडलें, म्हणजे चाकणची कोंडी चुकते. पुणें-नाशिक रस्त्यानें खेड, मंचर करीत नारायणगांव सुमारें ७५ किलोमीटर. मंचर येण्यापूर्वींच मातोश्रींनीं आपण होऊन पाणी मागितलें. सूनबाईंनीं आमच्याकडे पाहिलें. कोणी कांहीं बोललें नाहीं.

ओझरचा विघ्नेश्वर कुकडीच्या कांठीं सपाटीवर आहे. वृद्धांस अष्टविनायकांपैकीं हें दर्शन सोपें. संकष्टी व अंगारकीचा दिवस मात्र टाळावा. दुपारीं खोडदची महाकाय रेडिओ-दुर्बीण पाहिली. ४५ मीटर व्यासाच्या एकंदर ३० थाळ्या. त्यांपैकीं १४ एका किलोमीटरच्या परिसरांत आणि बाकीच्या तीन दिशांस दूरवर पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं ती उभी राहिली. थाळ्या भरीव नसून बारीक तारेच्या जाळीच्या आहेत. लांब लहरी जाळींतून निसटत नाहींत आणि वारा मात्र निघून जातो, म्हणून एवढ्या मोठ्या थाळ्या कमी खर्चांत उभारतां आल्या. आंत जाण्याची परवानगी आधीं काढावी. आकाशांतून येणाऱ्या लहरी इतक्या क्षीण कीं खिशांतल्या मोबाइलचा गोंगाटहि त्यांस बुडवून टाकतो. म्हणून आम्हीं फोन आणि गाडींतील विजेचीं सर्व यंत्रें बंद केलीं. मातोश्री म्हणाल्या, "आभाळाकडे तोंड करून ठेवलेली जाळीची कढईच ही."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं चढणारी मंडळी शिवनेरीवर गेली. सात दरवाजे ओलांडून, शिवाईचें दर्शन घेऊन, १९ फेब्रुवारी १६३० रोजीं श्रीशिवछत्रपति जेथें जन्मले ती वास्तु पाहावी. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें जागतिक वारशांत घेतलेल्या बारा किल्ल्यांत शिवनेरीहि आहे. दुपारनंतर लेण्याद्रि. तेथील गिरिजात्मज गणपति प्राचीन बौद्ध लेण्यांपैकीं सातव्या लेण्यांत आहे. भलामोठा मंडप, पण मधें एकहि खांब नाहीं. पायऱ्या तीनशेंच्या आसपास. मातोश्री वर गेल्या नाहींत. पायथ्याशीं गाडीच्या दारांत खुर्ची टाकून बसल्या; तेथून कड्यांत ओळीनें कोरलेलीं लेणीं दिसतात. मुलें वरून हात हालवीत होतीं आणि या खालून पदर हालवीत होत्या.

नाणेघाट, माळशेज, भीमाशंकर आणि गिरवली आम्हीं सोडून दिलीं. नागनिकेचा शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण पाहावयास तरुणांनीं पुन्हां लहान मोटारीनें जावें. ओझें लादलेल्या फिरत्या घरास त्या वाटा सुखाच्या नाहींत, आणि वृद्धांस तर मुळींच नाहींत.

पावसाळ्यांत नको

पावसाळ्यांत हा प्रदेश फार सुंदर दिसतो, तरी त्या दिवसांत डोंगराच्या उतारालगत मुक्काम करूं नये. पंधराव्या शतकांत अफनासी निकितीन नांवाचा रशियन व्यापारी घोडा घेऊन जुन्नरास आला आणि पावसामुळें दोन महिने तेथेंच अडकला; सगळीकडे पाणी आणि चिखल असें त्यानें लिहून ठेवलें आहे. त्यावर हंसतां येईल. परंतु ३० जुलै २०१४ च्या सकाळीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळला आणि सुमारें दीडशें माणसें झोंपेंतच गाडलीं गेलीं. नेहमींच्या वाटेनें जाणाऱ्या एस. टी. च्या चालकास गांव जागेवर दिसेना, तेव्हां ती बातमी बाहेर फुटली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ या सहलीस योग्य.

तिसऱ्या दिवशीं मंचरवरून घोडेगांवास व तेथून डिंभ्यास गेलों. गाडी मोकळ्या जागीं उभी केली, पाट ठेवला, मातोश्री सावकाश उतरल्या. पाणी निवांत होतें. त्या पाव तास उभ्या राहिल्या. मग धाकट्या नातवास जवळ घेऊन त्यांनीं काठीनें पाण्याच्या मध्यावर दाखविलें, "तेथें माझ्या आजोबांचा वाडा होता. मागच्या दारीं पायऱ्या उतरलें कीं नदी." मुलानें विचारलें, "कोणत्या पायऱ्या?" त्यांनीं पुन्हां तिकडेच काठी केली.

नंतर त्या म्हणाल्या, "चला आतां. चालकांचें जेवण व्हायचें आहे अजून."

परतल्यावर खर्चाचा मेळ घातला तेव्हां स्थळें निम्मीं झालीं आणि भाडें तेवढेंच पडलें, अशी कुरकूर कांहींनीं केली. ती खोटी नाहीं. परंतु पुढच्या सहलीचा कागद आम्ही घेऊं तेव्हां त्यावर पहिली ओळ स्थळाची असणार नाहीं, हें ठरून गेलें आहे.