जनावरांच्या वेदना व त्या थांबविणारी औषधे

बैलाच्या खुरात खिळा रुतला अथवा गाईचे शिंग मोडले, म्हणजे दुखण्याची वर्दी मज्जातंतूंच्या वाटेने प्रथम मज्जारज्जूत व तेथून मेंदूत पोहोचते. एका पेशीकडून दुसऱ्या पेशीकडे ही वर्दी नेण्याचे काम मुख्यतः ग्लुटामेट हे द्रव्य करते. पेशीवरील ज्या ठिकाणी हे द्रव्य स्वीकारले जाते, त्यास ग्राहक असे म्हणतात. त्यांपैकी एन. एम. डी. ए. नावाचे ग्राहक वेदनेच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे होय.

हे ग्राहक म्हणजे पेशीचे एक दारच समजावे. एरवी मॅग्नेशियमचा कण त्यात बुचासारखा बसलेला असतो. मात्र वेदनेच्या वर्दी एकसारख्या येत राहिल्या, की बूच सुटते, कॅल्शियम आत शिरते व पेशी हळवी होते. मग साधा स्पर्शही जनावरास सहन होत नाही, आणि जखम भरून आली तरी दुखणे मागे राहू शकते. म्हणूनच वेदनेवर इलाज लवकर झाला पाहिजे.

१९६२ साली प्रथम तयार झालेले केटामीन हे औषध याच दारात शिरून ते अडविते. शस्त्रक्रियेच्या वेळी पशुवैद्य ते बहुधा झायलाझीनसारख्या गुंगीच्या औषधाबरोबर देतात. घोड्यास लागणाऱ्या झायलाझीनच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात गाय गुंगते. यावरून मात्रेतील चूक किती घातक ठरेल, हे ध्यानात यावे. ही औषधे पशुवैद्यांनीच द्यावयाची असतात.

शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१. मुके जनावर दुखणे लपविते. रवंथ थांबणे, दात खाणे, पाठीला बाक येणे, एक पाय उचलून धरणे, ही वेदनेची लक्षणे होत.

२. अशी लक्षणे दिसताच त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

३. शस्त्रक्रियेपूर्वी वैरण व पाणी किती वेळ बंद ठेवावयाचे, ते विचारून घ्यावे. पोट भरलेले असल्यास गुंगीत पोटफुगी होण्याचा व चारा श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

४. औषधाने वेदना शमली तरी मूळ जखम तशीच असते. जनावर चालू लागले म्हणून त्यास लगेच औतास जुंपू नये.

ग्रामसेवकांनी ही लक्षणे गोठ्यात प्रत्यक्ष जनावर दाखवून समजावून द्यावीत. वेळेवर वेदना थांबलेले जनावर लवकर चारा खाऊ लागते व लवकर कामास येते.