न घाबरणारी बाई घाबरली तेव्हा

सापांचा आपल्याला तिटकारा आहे, असं ती आधी सांगत होती. मग अमेरिकेतले संशोधक तिला साप आणि कोळी विकणाऱ्या एका दुकानात घेऊन गेले. तिथे बाईंनी साप हातात घेतला आणि तीन मिनिटं सोडलाच नाही. त्याची खवलं चोळून पाहिली, लवलवत्या जिभेला बोट लावलं, आणि याहून मोठ्या, धोकादायक सापांना हात लावू का, असं दुकानातल्या माणसाला पुन्हा पुन्हा विचारत राहिली. पुढे तिला केंटकी राज्यातल्या वेव्हर्ली हिल्स या जुन्या क्षयरोग रुग्णालयात नेलं. हॅलोविनच्या दिवसांत तिथे भुतांचा खेळ मांडला होता. बरोबरचे लोक किंचाळत होते आणि बाई सगळ्यांच्या पुढे. तिने एका ‘राक्षसा’च्या डोक्याला कुतूहलाने बोट लावलं, तेव्हा दचकला तो राक्षसच.

संशोधनाच्या कागदांत तिला फक्त ‘एस. एम.’ म्हणतात. एका अतिदुर्मीळ आनुवंशिक आजाराने तिच्या मेंदूतले दोन्ही अमिग्डाला नष्ट झाले. अमिग्डाला म्हणजे कानशिलामागे खोलवर दडलेला, बदामाच्या आकाराचा पेशींचा पुंजका, दोन्ही बाजूंना एकेक. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही बदामच. बाहेरचा धोका हेरून शरीराला जागं करण्यात याचा मोठा वाटा असतो. तेव्हा हिशेब सोपा वाटत होता: बदाम गेला, भीती गेली.

२०१३ साली हा हिशेब चुकला. संशोधकांनी एस. एम.ला मुखवट्यातून एकच श्वास घ्यायला लावला. त्यात ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड होता. आपल्या रोजच्या हवेत तो जेमतेम ०.०४ टक्के असतो. जीव जाण्याइतका तो धोका नव्हता, पण बाईंची पाचावर धारण बसली. मुखवटा काढा म्हणून ती हातवारे करू लागली. त्याच आजाराच्या दोन जुळ्या बहिणींनाही हा वायू दिला, त्याही तशाच घाबरल्या. मेंदू शाबूत असलेल्या १२ जणांपैकी मात्र तिघांनाच असा झटका आला.

हा प्रयोग पहिल्यांदा वाचला तेव्हापासून तो मला सोडत नाही. भीतीला दारं एकाहून जास्त आहेत. साप, अंधार, भूत हे बाहेरच्या दाराने येतात. पण गुदमरणं, रक्तातलं रसायन बदलणं, छातीतली हालचाल यांची बातमी आतल्या दाराने येते, आणि त्या दाराला अमिग्डालाची परवानगी लागत नाही. उलट, तो अमिग्डालाच एरवी तिथे थोडा आवर घालत असावा, असा तर्क संशोधकांनी केला.

मराठीला आतलं दार फार आधीपासून ठाऊक असावं. पोटात गोळा येतो, घशाला कोरड पडते, काळजाचा ठोका चुकतो, पाय लटपटतात. पॅनिक डिसऑर्डर या विकाराची लक्षणं डॉक्टर ज्या यादीतून तपासतात, तिच्यात जवळपास हेच आहे. धडधड, घाम, कापरं, धाप, छातीत दुखणं, हातापायांना मुंग्या, आणि ‘आता मरतोय’ किंवा ‘आता वेड लागतंय’ अशी खात्री. काही मिनिटांत लाट शिगेला पोचते आणि ओसरते. तोवर घरच्यांनी रिक्षा काढून इस्पितळ गाठलेलं असतं. ईसीजी नॉर्मल येतो, आणि मग ‘काही नाही झालेलं, उगाच टेन्शन घेतोस’ असं म्हणून विषय मिटवला जातो. ते ‘काही नाही’ मला खटकतं. धडधड खोटी नसते. तिचा अर्थ लावताना चूक झालेली असते.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली नेमकं हेच मांडलं. जिना चढून धाप लागली. ‘हार्ट अटॅक!’ असं मनात आलं. त्या विचारानेच ठोके वाढले. वाढलेले ठोके हा पुरावा ठरला. हे चक्र स्वतःचंच शेपूट गिळत फिरतं. १९८८ च्या एका प्रयोगात पॅनिकच्या रुग्णांना त्यांचे ठोके वाढताहेत असा खोटा आवाज ऐकवला. ज्यांना तो खरा वाटला, त्यांचे ठोके खरोखरच वाढले.

झटका एखाद्दुसरा अनेकांना येतो, म्हणून तो लगेच विकार ठरत नाही. अचानक झटके पुन्हा पुन्हा येऊ लागले आणि ‘पुढचा कधी येईल’ या धाकात महिना काढला, त्यापायी लोकल, लिफ्ट, गर्दी टाळायला सुरुवात झाली, की डॉक्टर पॅनिक डिसऑर्डरचा विचार करतात. चिंतेचा दुसरा प्रकार संथ असतो. पोराची परीक्षा, कर्ज, गॅस बंद केला का, अशी काळजी एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारते, सहा महिने तरी बहुतेक दिवस थांबत नाही, झोप खाते, मान आखडून ठेवते. यातलं कुठलंही निदान करण्याआधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, हृदय, दिवसाचे चहा-कॉफीचे कप हे सगळं पाहायचं असतं, कारण वाढलेलं थायरॉइडही हुबेहूब चिंतेचं सोंग घेतं. कुणाकडे जायचं कळत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे.

औषधांची गोष्टही अशीच आडवळणाने आली. १९६०च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये डोनाल्ड क्लाइन इमिप्रामीन हे औषध अति घाबरणाऱ्या रुग्णांना देऊन पाहत होते. मला काहीच फरक नाही, असं रुग्ण सांगायचा. पण वॉर्डातल्या लोकांच्या लक्षात आलं, की ‘मी मरतोय’ म्हणत तो आता परिचारिकांच्या टेबलाकडे धावत येत नाही. साधी चिंता उरली होती, झटके मात्र थांबले होते. म्हणजे दोन्ही गोष्टी एक नव्हेत. १९८० साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या पुस्तकात पॅनिकला स्वतंत्र नाव मिळालं. आज बहुधा एसएसआरआय गटातल्या गोळ्या देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि सुरुवातीला अस्वस्थता थोडी वाढूही शकते. हे आधी सांगितलं नाही, की माणूस चौथ्या दिवशी पट्टी कपाटात टाकतो. झटपट शांत करणाऱ्या गोळ्याही असतात, पण त्यांची सवय लागते, म्हणून त्या शेजारणीच्या डब्यातून घ्यायच्या नसतात, आणि कुठलीही गोळी मनाने बंद करायची नसते.

बोलण्याच्या उपचारातली एक तऱ्हा मात्र ऐकायला विचित्र आहे. तज्ज्ञ रुग्णाला खुर्चीत गरगर फिरवतात, जागच्या जागी पळायला लावतात, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला सांगतात. धाप, चक्कर, धडधड मुद्दाम आणायची आणि बसून पाहायचं: मरण येतं का? या वाटेची सुरुवात एका सशाने केली. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या, तिसऱ्या वर्षात असलेल्या मुलाची सशाची भीती घालवली. तो आवडीचं खात असताना पिंजरा रोज थोडा जवळ आणायचा. शेवटी पीटरने सशाला कुरवाळलं. मेंदूत जुनी भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवी ओळ लिहिली जाते, हे पुढे उंदरांवरच्या प्रयोगांतून समजलं. म्हणून बरं वाटल्यावरही अधूनमधून ती ओळ गिरवावी लागते.

मराठी वाचकाला या वाटेवरचा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस परका नाही. त्याचा विवेकनिष्ठ मानसोपचार मुंबईच्या कि. मो. फडक्यांनी मराठीत आणला. एलिस १९ वर्षांचा असताना मुलींशी बोलायला थरथरायचा. मग त्याने न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात महिनाभर बाकांवर एकट्या बसलेल्या बायकांच्या शेजारी जाऊन बसायचं ठरवलं. ३० जणी उठून गेल्या. उरलेल्या शंभरेक जणींशी तो फुलांबद्दल, पाखरांबद्दल, पुस्तकांबद्दल बोलला. त्यांच्यातली एकच पुन्हा भेटायला तयार झाली. ती ठरल्या वेळी आली नाही.