चाळिशी आणि सुईचे नेढे : तंजावरच्या संदर्भात एक विवेचन

वयोमानाने दृष्टीत पडणाऱ्या एका फरकाला मराठीने ‘चाळिशी’ हे नाव दिले आहे आणि त्यावरचा उपाय म्हणून नाकावर जो चष्मा चढतो, त्यालाही चाळिशीच म्हटले आहे. वय, त्या वयातील उणीव आणि तिच्यावरील इलाज या तिन्हींना एकच संख्यावाचक शब्द पुरला आहे. कानडीत याच अर्थी ‘चाळीसु’ आहे. तेलुगूत चाळीस या संख्येच्या संस्कृत रूपावरून आलेला ‘चत्वारमु’ आहे. तमिळमध्येही ‘साळेसरम्’ हा याच कुळातील शब्द कोशांत आढळतो. मात्र तमिळचा स्वतःचा शब्द निराळ्या अनुभवातून घडला आहे. ‘वेळ्ळेळुत्तु’ म्हणजे पांढरे अक्षर. जवळ धरलेल्या पानावरील काळे अक्षर फिके, विरळ भासू लागणे. मराठीने वर्षे मोजली, तमिळने पानावर काय दिसते ते पाहिले. परंतु या दोन्ही भाषांनी या अवस्थेला आंधळेपण म्हटले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढील सर्व विवेचनाचा रोख तोच आहे.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी भोसले यांनी तंजावरला सत्ता स्थापन केल्यापासून हे दोन्ही शब्द त्या नगरात शेजारी शेजारी नांदत आले. त्याच नगरात बारीक हस्तकामाची परंपराही जोपासली गेली. सोन्याचा वर्ख आणि खडे बसवून केलेली तंजावरी चित्रे सर्वत्र प्रसिद्ध आहेत. त्यामानाने सुईचे काम कमी परिचित आहे. देवळांच्या रथांना आणि मंडपांना लावायची वस्त्रे तंजावरचे कारागीर शिवतात. कापडाचे तुकडे मोर, सिंह, पोपट, कमळ अशा आकारांत कापायचे, त्यांच्या कडा आत दुमडायच्या आणि ते दुसऱ्या कापडावर टाक्याने टाक्याने बसवायचे, अशी ही रीत आहे. रथाच्या कडेने लोंबणाऱ्या नळकांड्यासारख्या वस्त्राला तमिळमध्ये ‘तोंबै’ म्हणतात. तिरुवारूरसारख्या ठिकाणचा प्रचंड रथ दुरून पाहणाऱ्याला या वस्त्रांतील रंगांचे मोठे पट्टे तेवढे दिसतात. ते शिवणाऱ्याची नजर मात्र दुमडलेल्या कडेच्या एका रेषेवर खिळलेली असते.

अशा कामात वयाची पहिली चाहूल पुस्तकाआधी सुईला लागते. याचे कारण डोळ्याच्या रचनेत आहे. डोळ्यातील भिंग लहानपणी लवचिक असते. जवळची वस्तू पाहताना आतील स्नायू आकसतो, भिंग फुगीर होते आणि प्रतिमा दृष्टिपटलावर नेमकी पडते. या भिंगात जन्मभर नव्या थरांची भर पडत जाते. ते हळूहळू ताठर होते आणि फुगण्याची त्याची शक्ती ओसरते. दॉन्डर्स या डच नेत्रवैद्याने १८६४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या ऱ्हासाचा पद्धतशीर हिशेब मांडला. दहा वर्षांचे मूल सुमारे ७ सेंटिमीटरवरची वस्तू स्पष्ट पाहू शकते. चाळिसाव्या वर्षी ही मर्यादा सुमारे २२ सेंटिमीटरवर, पन्नाशीत ४० सेंटिमीटरवर आणि साठीत जवळजवळ एक मीटरवर जाते. शिवाय शक्तीच्या अखेरच्या टोकावर डोळा फार वेळ टिकत नाही. सुखाने काम व्हायचे, तर निम्मी शक्ती हाताशी राखून ठेवावी लागते. पुस्तक ४० सेंटिमीटरवर धरता येते. बारीक टाका बहुधा २५ ते ३० सेंटिमीटरवर घातला जातो. म्हणून वाचन सुरळीत चालू असतानाच सुईच्या नेढ्यात दोरा ओवणे अवघड होऊन बसते. हात लांब करून पुस्तक वाचता येते. हात लांब करून काज करता येत नाही.

दुसरा बदल प्रकाशाचा आहे, आणि त्याकडे बहुधा दुर्लक्ष होते. वयाबरोबर बाहुली लहान होत जाते आणि भिंग पिवळसर पडते. साठ वर्षांच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या तुलनेने सुमारे एकतृतीयांशच प्रकाश पोहोचतो. पिवळसर भिंग निळा प्रकाश अधिक अडवते; त्यामुळे गडद निळा व काळा दोरा एकमेकांत मिसळतात, निळ्या-हिरव्यातील छटांचा भेद पुसट होतो. ‘दिवा मंद झाला’ ही वडीलधाऱ्यांची तक्रार म्हणजे कुरकुर नव्हे. त्यांच्यापुरते ते मोजता येण्याजोगे सत्य आहे. काळ्या कापडावर काळा टाका घालणे आणि पांढऱ्यावर लाल तुकडा बसवणे ही दोन कामे वयस्क डोळ्याला सारखी नाहीत. रथवस्त्रांत लाल, पांढरा, काळा, पिवळा, हिरवा असे परस्परांपासून उठून दिसणारे रंग शेजारी येतात. ही योजना दूरच्या भाविकासाठी असली, तरी शिवणाऱ्याच्या डोळ्यालाही ती उपकारक ठरते.

हा शास्त्रीय तपशील ध्यानी घेतला म्हणजे घरोघरच्या अनेक जुन्या युक्त्यांचा अर्थ उलगडतो. आजी सुई-दोरा घेऊन चौकात किंवा ओसरीच्या कडेला बसते, ते केवळ ऊब मिळावी म्हणून नव्हे. भरपूर उजेडात बाहुली आकुंचन पावते आणि बाहुली जितकी लहान, तितक्या कमीअधिक अंतरावरच्या वस्तू एकाच वेळी स्पष्ट दिसतात. उजव्या हाताने शिवणाऱ्याने उजेड डाव्या खांद्यावरून घ्यावा, कारण मग हाताची सावली टाक्यावर पडत नाही. दिव्याच्या बाबतीत अंतर महत्त्वाचे आहे: एक मीटरवरचा लहान दिवा अर्ध्या मीटरवर आणला, तर कामावर सुमारे चौपट प्रकाश पडतो. त्यासाठी दुसरा दिवा विकत घ्यावा लागत नाही. मात्र दिव्याची ज्योत किंवा काच थेट डोळ्यांसमोर येऊ नये. तिची झळाळी मिळालेला लाभ हिरावून घेते.

दोरा ओवण्याच्या रीतीही अशाच पारखून घ्याव्यात. दोऱ्याचे टोक तिरपे कापावे, त्याला मेण लावावे, नेढ्यामागे पांढरे कापड धरावे. दोरा पांढरा असेल तर काळे. सकाळच्या उजेडात दहा-बारा सुया एकदम ओवून ठेवल्या, तर दिवसभराचे ओवणे एकाच वेळी उरकते. घरातल्या लहान मुलाला हाक मारून ‘एवढा दोरा ओवून दे रे’ असे सांगण्याची पद्धतही शास्त्रास धरूनच आहे. सात सेंटिमीटरवर पाहू शकणारा डोळा आणि चाळीस वर्षे मुरलेला हात यांची ती सहज झालेली भागीदारी होय.

तथापि युक्त्यांना मर्यादा असते आणि तिथे चष्म्याचा विचार येतो. भारतातील चष्म्याचा इतिहास धुंडाळण्याचे काम पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी केले. विजयनगरच्या दरबारात मान असलेले माध्व आचार्य व्यासराय हे उपनेत्र लावून वाचत असल्याचा उल्लेख सोमनाथ कवीच्या ‘व्यासयोगिचरित’ या संस्कृत ग्रंथात आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या या उल्लेखाकडे गोड्यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. म्हणजे दक्षिणेत चष्मा आला, तो आरंभी ग्रंथ वाचणाऱ्यांच्या नाकावर. विद्वानाची चाळिशी आणि कारागिराची चाळिशी यांत वस्तुतः भेद नाही. परंतु चष्म्याचा मान पहिल्याला मिळाला आणि दुसऱ्याला तो फार उशिरा, कित्येकदा मिळालाच नाही.

चष्मा घेतानाही बारीक काम करणाऱ्याने एक दक्षता बाळगली पाहिजे. तपासणीच्या वेळी अक्षरांचा तक्ता वाचनाच्या अंतरावर धरलेला असतो; त्या अंतराला जुळलेला चष्मा सुईच्या अंतराला जुळेलच असे नाही. यावर सुईकामाच्याच साधनाने मात करता येते. नेहमीच्या बैठकीत काम हाती धरावे, डोळ्यापासून टाक्यापर्यंत दोरा ताणून त्यावर गाठ मारावी आणि तो दोरा तपासणाऱ्यापुढे ठेवावा. या गाठीइतक्या अंतरावर स्पष्ट दिसले पाहिजे, एवढे सांगणे पुरते. नंबर वाढवला की आकार मोठा दिसतो, परंतु काम डोळ्याच्या अधिक जवळ आणावे लागते, मान वाकते आणि सुई खेचायला जागा उरत नाही. म्हणून लागेल तेवढाच नंबर घ्यावा. अतिसूक्ष्म भागापुरते गळ्यात अडकवण्याचे किंवा उभ्या दांडीचे भिंग वापरावे, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.

येथे चाळिशी आणि मोतीबिंदू यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण लोकव्यवहारात त्यांची गल्लत होते. चाळिशीत भिंग ताठर होते. मोतीबिंदूत ते गढूळ होते. पहिली अवस्था सर्वांना येते आणि चष्म्याने निभावते. दुसरीवर अखेर शस्त्रक्रियाच करावी लागते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात गढूळ भिंग शलाकेने बाजूला सारण्याची क्रिया वर्णिलेली आहे. तंजावरला या विद्येचा वेगळाच अध्याय लिहिला गेला. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजी राजांनी धन्वंतरी महाल उभारून देशी व युरोपीय वैद्यक एका छपराखाली आणले. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या इंग्रजी नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या असून त्यांच्यासोबत रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत. राजाच्या नावाने संकलित झालेल्या ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ्’ या तमिळ ग्रंथमालेतही नेत्ररोगांवर स्वतंत्र भाग आहे. या नोंदींचे मोल केवळ प्राचीनत्वात नाही. ‘म्हाताऱ्याला दिसत नाही’ या सरधोपट वाक्यावर न थांबता कोणाच्या, कोणत्या डोळ्यात, काय बिघडले आहे हे स्वतंत्रपणे पाहून लिहून ठेवण्याची शिस्त त्यांत आहे. वयस्क कारागिराला आजही नेमकी तीच शिस्त हवी असते.

ती नसली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. साठी-सत्तरीत एखाद्या स्त्रीला अचानक चष्म्याविना सुई ओवता येऊ लागते. घरात कौतुक होते, ‘आजींची दृष्टी परत आली’ असे पाहुण्यांना सांगितले जाते. परंतु पुष्कळदा हे मोतीबिंदूचे पूर्वचिन्ह असते. भिंगाचा गाभा घट्ट होऊन त्याची शक्ती वाढते; त्यामुळे काही काळ जवळचे बरे आणि लांबचे वाईट दिसते, आणि पुढे दोन्ही अंधुक होत जाते. अशा वेळी आनंद मानून घरी न बसता डोळे तपासून घेणे श्रेयस्कर. काचबिंदू तर बहुधा कोणतीही सूचना न देता बाजूची दृष्टी खातो आणि मधुमेह दृष्टिपटलाला इजा करतो. म्हणून चाळिशीचा चष्मा बाजारातून उचलून आणला, तरी डोळ्याची तपासणी टाळू नये. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत कृत्रिम भिंग बसवण्यास लंडनमध्ये १९४९ साली रिडली यांनी प्रारंभ केला. आज ती पद्धत सर्वत्र रूढ आहे. सर्वसाधारणपणे बसवले जाणारे भिंग एकाच अंतरासाठी नेमके असते. बारीक काम करणाऱ्याने आपला व्यवसाय शस्त्रक्रियेपूर्वीच सांगितला, तर त्या दृष्टीने भिंगाची निवड करता येते.

हा सारा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर दोन अलीकडच्या प्रयोगांत मिळते. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांना जवळचे पाहण्याचे चष्मे देऊन केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेने त्यांची पाने खुडण्याची क्षमता सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. बांगलादेशातील ग्रामीण भागात ३५ ते ६५ वयाच्या, जवळून पाहण्याची कामे करणाऱ्या लोकांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चष्मा मिळालेल्यांचे उत्पन्न आठ महिन्यांत सुमारे एकतृतीयांशाने अधिक झाले. चहाच्या पानापेक्षा टाका कितीतरी बारीक असतो. तेव्हा सुईवर पोट असणाऱ्याचे नुकसान त्याहून कमी असण्याचा संभव नाही.

उत्पन्नाखेरीज आणखी एक हानी आहे, ती आकड्यांत मावत नाही. कोणत्याही हस्तकौशल्यात माणूस पुरता तयार होतो तो चाळिशीच्या आसपास, आणि नेमक्या त्याच वेळी डोळा मागे सरतो. तोंबैवरील सिंहाची आयाळ कशी कापावी, कोपऱ्यावर कापड कसे वळवावे, हे ज्याला न मोजता कळते, तोच ‘आता दिसत नाही’ म्हणून सुई खाली ठेवतो आणि त्याच्याबरोबर ती जाण निघून जाते. ज्या कार्यशाळेत आकार आखणे, कापणे, रंग जुळवणे वडीलधाऱ्यांकडे आणि कडेचा बारीक टाका तरुणांकडे अशी वाटणी होते, तिथे ही जाण पुढच्या हातात उतरते. मात्र रंग जुळवण्याचे काम दिवसाउजेडी करावे, आणि निळ्या-काळ्या लड्यांवर तरुण डोळ्याने एकदा नजर फिरवावी.

वयाने येणारी ही उणीव हातातील कलेचा शेवट ठरू नये यासाठी लागणारी सामग्री फार मोठी नाही: योग्य जागी उजेड, गाठ मारून मोजलेले अंतर, उठून दिसणारा रंग, जुळता चष्मा आणि वेळेवर तपासलेला डोळा. चाळिशी या शब्दाने उणीव आणि उपाय एकत्र बांधून ठेवले आहेत. उणीव प्रत्येकाच्या वाट्याला येतेच. उपायही तितक्याच सहजतेने प्रत्येक शिवणाऱ्याच्या हाती पडावा, एवढेच करावयाचे राहिले आहे.