चौथी पिन

१९८८ साली जपानमध्ये कोनामीचा ‘कॉन्ट्रा’ हा खेळ निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रावर आला, तेव्हा पहिल्याच टप्प्यातल्या जंगलात झाडांची पानं वाऱ्यावर हलत होती. बर्फाच्या टप्प्यात हिमकण भिरभिरत. दोन टप्प्यांच्या मध्ये नकाशा दिसे आणि गोष्ट पुढे सरके. त्याच वर्षी अमेरिकेत पोहोचलेल्या ‘कॉन्ट्रा’तलं जंगल स्तब्ध होतं. नकाशा गेला होता, गोष्टही गेली होती, कारण जपानी कार्ट्रिजमध्ये कोनामीने स्वतःची व्हीआरसी२ नावाची चिप घातली होती आणि अमेरिकी कार्ट्रिजमध्ये ती नव्हती. युरोपात तर नावही बदललं. तिथे तो ‘प्रोबोटेक्टर’ झाला आणि बंदूकधारी माणसांच्या जागी यंत्रमानव धावू लागले.

एकाच खेळाची ही तीन रूपं. ज्याच्या घरी ज्या देशाचं यंत्र, त्याच्या वाट्याला त्या देशाचं रूप. दुसरं पाहावंसं वाटलं तर यंत्र उघडावं लागे. ते उघडणाऱ्यांची चार दशकं आता मागे पडली आहेत, आणि त्यांनी काय काय शोधून काढलं हे नीट मांडून ठेवण्यासारखं आहे.

सुरुवात पिनांच्या संख्येपासून करावी लागते. जुलै १९८३ मध्ये जपानात आलेल्या फॅमिकॉमच्या कार्ट्रिजला ६० पिना होत्या. १९८५ मध्ये तेच यंत्र एनईएस या नावाने अमेरिकेत गेलं तेव्हा पिना ७२ झाल्या. वाढीव पिनांपैकी चार एका नव्या पाहुण्यासाठी होत्या. १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता आणि कुणीही उठून काढलेल्या सुमार खेळांचा पूर हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जात होतं. म्हणून निन्टेन्डोने यंत्रात एक पहारेकरी चिप बसवली आणि तिची जोडीदार प्रत्येक परवानाधारक कार्ट्रिजमध्ये घातली. यंत्र सुरू झालं की दोघी एकाच तालात आकडेमोड करत राहतात आणि एकमेकींचं उत्तर पडताळतात. ताल चुकला की यंत्रातली चिप प्रोसेसर पुन्हा पहिल्यापासून सुरू करते, सेकंदाला साधारण एकदा. पडदा लुकलुकतो, समोरचा लाल दिवा लुकलुकतो, खेळ काही सुरू होत नाही. युरोपच्या यंत्रातली चिप वेगळी आकडेमोड करी, त्यामुळे अमेरिकी कार्ट्रिज तिथे परकं ठरे. नकली माल रोखायला नेमलेला पहारेकरी असा देशांच्या सीमाही राखू लागला.

या चिपमधला प्रोग्रॅम इतका गुप्त होता की अटारी गेम्सने त्याची प्रत अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातून, खोटं कारण सांगून मिळवली. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९९२ मध्ये अपील न्यायालयातही निकाल अटारीच्या विरोधात लागला. मात्र ज्याला फक्त आपल्याच घरातलं यंत्र मोकळं करायचं होतं, त्याला प्रोग्रॅम कळण्याची गरज नव्हती. ही चिप यंत्रात बसली की पहारेकरी होते आणि कार्ट्रिजमध्ये बसली की पाहुणी. तिने कोणतं काम करायचं हे तिच्या चौथ्या पिनेवर ठरतं. ती पिन बोर्डापासून तोडून जमिनीच्या तारेला जोडली की यंत्रातली चिपही स्वतःला पाहुणी समजते. मग दोन्हीकडे पाहुण्याच. तपासायला कुणी नाही आणि पुन्हा सुरू करायलाही कुणी नाही. एका बारीक कातरीचं काम! कोट्यवधींच्या व्यापाराचं कुलूप इतक्या नाजूक जागी उघडतं, हे पहिल्यांदा ज्याच्या लक्षात आलं त्याचं मनापासून कौतुक वाटतं.

यात एक गमतीदार योगायोगही होता. एनईएससोबत सुरुवातीला विकल्या गेलेल्या ‘जायरोमाइट’ या खेळाच्या काही कार्ट्रिज उघडल्यावर आत चक्क जपानी, ६० पिनांचा बोर्ड निघाला. तो ७२ पिनांच्या खाचेत बसावा म्हणून मध्ये एक जोडबोर्ड होता आणि पाहुणी चिप त्या जोडबोर्डावरच होती. तो काढून त्यावर कुठलंही फॅमिकॉम कार्ट्रिज लावलं की अमेरिकी यंत्र ते मुकाट्याने वाचे. जपानी ‘कॉन्ट्रा’ची हलती पानं अनेक अमेरिकी घरांत अशी पोहोचली.

महाराष्ट्रातल्या नव्वदच्या दशकातल्या मुलांना ही भिंत दिसलीच नाही. मीडियासारख्या नावांनी इथे जे ‘टीव्ही गेम’ विकले गेले ते फॅमिकॉमच्या नकला होत्या, ६० पिनांच्या. मूळ फॅमिकॉममध्येच पहारेकरी चिप नव्हती, मग नकलेत कुठून येणार? ‘कॅसेट’ काढायची, फुंकर मारायची, परत लावायची, की ‘कॉन्ट्रा’ सुरू. युरोपातली मुलं यंत्रमानवांशी लढत असताना पुण्या-नाशकातली मुलं माणसांचा ‘कॉन्ट्रा’ खेळत होती, आणि आपल्याला काही वेगळं मिळालं आहे याचा त्यांना पत्ताही नव्हता.

पुढच्या पिढीत काही ठिकाणी कुलूप अगदीच साधं निघालं. १९९० च्या नोव्हेंबरात जपानमध्ये आलेला सुपर फॅमिकॉम आणि १९९१ मध्ये अमेरिकेत आलेला सुपर एनईएस आतून जवळपास एकच. पहारेकरी चिपही दोन्हीकडे एकाच जातीची. फरक एवढाच, की अमेरिकी यंत्राच्या खाचेत प्लास्टिकच्या दोन खुंट्या होत्या आणि अमेरिकी कार्ट्रिजच्या पाठीवर त्यांच्यासाठी खोबणी होत्या. जपानी कार्ट्रिजला त्या नव्हत्या, म्हणून ते वरच अडकून बसे. पकडीने खुंट्या मोडायच्या, कानशीने कडा साफ करायच्या, काम संपलं. कठीण होतं ते झाकण उघडणं, कारण स्क्रूच्या डोक्याला चीर नव्हती, सहा कंगोरे होते आणि तसा पाना बाजारात सहज मिळत नसे. मग लोकांनी बॉलपेनची रिकामी नळी आचेवर मऊ केली, स्क्रूवर दाबून धरली आणि थंड होऊ दिली. नळीच्या टोकाला स्क्रूचा ठसा उमटला की तोच पाना. दोन-चार स्क्रू निघेपर्यंत तो टिके, आणि तेवढंच हवं असे.

एनईसीने वेगळी शक्कल लढवली. तिचं पीसी इंजिन हे जपानी यंत्र १९८९ मध्ये टर्बोग्राफ्क्स-१६ होऊन अमेरिकेत गेलं तेव्हा खेळाच्या कार्डाकडे जाणाऱ्या आठ डेटा तारांचा क्रमच उलटा करण्यात आला. तोडायला खुंटी नाही, बंद करायला चिप नाही. हौशी लोकांनी आठही तारा कापून उलटसुलट निवडणारा स्विच बसवला. त्यात हात थरथरला तर यंत्रच जाई.

पण सगळ्यात मोठी भिंत कुठल्याही कंपनीने बांधलेली नव्हती. ती विजेच्या आणि दूरचित्रवाणीच्या मानकांत होती. जपान-अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवत, युरोप-ऑस्ट्रेलियातले ५० वेळा. भारतातलेही ५० वेळाच. बहुतेक खेळांची चाल चित्राच्या ठोक्यावर बांधलेली होती. जपानी खेळ युरोपात नेताना तो ठोका नव्याने बसवायचे कष्ट घेतले नाहीत, तर खेळ सुमारे १७ टक्के मंदावे. वर, युरोपच्या पडद्यावर रेषा जास्त असल्याने वर-खाली काळे पट्टे आणि मध्ये दबलेलं चित्र. ज्याची सगळी ओळख वेग हीच, तो ‘सॉनिक द हेजहॉग’ युरोपात १९९१ मध्ये असा आला, संगीतासकट रेंगाळत. मुलांना ते कळलंही नाही. त्यांच्यासाठी सॉनिक तसाच होता.

म्हणून युरोपात यंत्र मोकळं करणं म्हणजे दोन स्विच बसवणं, असं समीकरण झालं. सेगाच्या मेगा ड्राइव्हमध्ये देश आणि ठोका दोन्ही गोष्टी बोर्डावरच्या जोडण्यांनी ठरत. त्या तोडून तारा बाहेर काढल्या की एक स्विच भाषेचा, दुसरा ५०-६० चा. सुपर एनईएसमध्ये चित्र बनवणाऱ्या दोन चिपांपैकी पहिलीची २४ वी आणि दुसरीची ३० वी पिन उचलावी लागे, आणि त्यासोबत पहारेकऱ्याची चौथी. कंपन्यांनी उलट डाव टाकला. पुढच्या काही खेळांनी सुरू होताच ठोका तपासायला सुरुवात केली आणि जुळला नाही तर पडद्यावर नकाराची पाटी लावली. त्यावरचा उपाय असा, की आधी खेळाला हवा त्या ठोक्यावर सुरू करायचं आणि पाटीची वेळ टळली की स्विच फिरवायचा. पडदा एकदा हलतो, काळे पट्टे नाहीसे होतात आणि संगीत उडी मारून खऱ्या चालीवर येतं. युरोपातल्या अनेकांनी ओळखीचा खेळ ‘पहिल्यांदा’ ऐकला तो या क्षणी.

आयातीची ओढ एकाच दिशेची नव्हती. ‘फायनल फॅन्टसी ५’ जपानात १९९२ मध्ये आला आणि अमेरिकेत १९९९ मध्ये, तोही प्लेस्टेशनवर. ‘क्रोनो ट्रिगर’ जपान आणि अमेरिकेत १९९५ मध्ये आला, युरोपला अधिकृतपणे मिळाला २००९ मध्ये. उलट ‘टेरानिग्मा’ इंग्रजीत १९९६ च्या अखेरीस युरोपात आला, अमेरिकेत आलाच नाही. तेव्हा अमेरिकेतले खेळाडू युरोपची कार्ट्रिज मागवून आपली यंत्रं उघडत बसले.

प्लेस्टेशनने कुलूप चकतीत नेलं. डिसेंबर १९९४ मध्ये आलेल्या या यंत्राच्या मूळ सीडीवर आतल्या भागात खाचेला मुद्दाम सूक्ष्म डुगडुग दिलेली असे आणि त्या डुगडुगीत चार अक्षरं लपलेली असत. त्यांवरून चकती जपानची, अमेरिकेची की युरोपची हे यंत्र ओळखे. घरच्या सीडी रायटरला ही डुगडुग उमटवता येत नसे. पहिला उपाय हातचलाखीचा. झाकणाखालचं बटण दाबून ठेवायचं, यंत्राला स्थानिक चकती वाचू द्यायची आणि ठरावीक क्षणी फिरती चकती उचलून दुसरी ठेवायची. मग मॉडचिप आली. आठ पायांचा एक स्वस्त मायक्रोकंट्रोलर, काही तारा, आणि ती चार अक्षरं यंत्राच्या कानात तो स्वतःच सांगत राही. पुढे काही खेळ ही कुजबुज ओळखू लागले, तेव्हा यंत्र सुरू झाल्यावर गप्प बसणाऱ्या चिपा निघाल्या.

याच चिपेने नकली सीडीही चालत, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ‘चिप मारलेलं’ प्लेस्टेशन मागणाऱ्या बहुतेकांना जपानी आयात नको होती, स्वस्त सीडी हवी होती. पण चिप एकच, म्हणून दोन्ही गरजा एकाच तराजूत तोलणं बरोबर नव्हे. ऑस्ट्रेलियात हा प्रश्न सर्वोच्च पातळीवर गेला. सिडनीत मॉडचिप बसवून देणाऱ्या स्टीव्हन्स यांच्यावर सोनीने दावा लावला. ग्राहकहिताची सरकारी यंत्रणाही, परदेशात रीतसर विकत घेतलेला खेळ ग्राहकाला चालवता आला पाहिजे, हा मुद्दा घेऊन त्यात उतरली. ऑक्टोबर २००५ मध्ये हायकोर्ट ऑफ ऑस्ट्रेलियाने एकमताने स्टीव्हन्स यांच्या बाजूने निकाल दिला. प्लेस्टेशनचं कुलूप नक्कल करणं थांबवत नाही, केलेली नक्कल चालवू देत नाही एवढंच, म्हणून कायद्यातल्या संरक्षणाच्या व्याख्येत ते बसत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पुढच्याच वर्षी तिथला कायदा बदलून कडक झाला, तरी बाजारांच्या सीमा आखणाऱ्या अशा कुलपांना त्याच्या संरक्षणातून वगळण्यात आलं.

कंपन्यांनीही हळूहळू पकड सैल केली. प्लेस्टेशन ३ चे बहुतेक खेळ कुठेही चालत. निन्टेन्डोने ३डीएसवरही कुलूप ठेवलं आणि २०१७ च्या ‘स्विच’ या यंत्रातून काढून टाकलं. जुन्या यंत्रांचं काम मात्र थांबलं नाही. २०२१ मध्ये ‘टोनीहॅक्स’ नावाची युक्ती समोर आली. त्यात मेमरी कार्डावरच्या, मुद्दाम बिघडवलेल्या एका सेव्ह फाइलमधून प्लेस्टेशनच्या सीडी ड्राइव्हला कुलूप उघडायचा हुकूम दिला जातो. हा हुकूम ड्राइव्हच्या चिपमध्ये कारखान्यातूनच भरलेला होता. फक्त जपानी यंत्रांत तो नाही. म्हणजे ज्या जपानपासून सगळं सुरू झालं, तिथलंच यंत्र या वाटेने उघडत नाही.

पहारेकरी चिपेचं गूढही सुटलं. तिचं कवच काढून आतला प्रोग्रॅम वाचण्यात आला आणि आता तीच आकडेमोड एका छोट्या, सहज मिळणाऱ्या मायक्रोकंट्रोलरमध्ये भरता येते. युरोपातल्या सुपर एनईएसमधली जुनी चिप काढून तिच्या जागी हा बसवला, की वेगळ्या स्विचसाठी यंत्राला भोक पाडावं लागत नाही. आयात कार्ट्रिज लावायचं, रिसेटचं बटण दाबून धरायचं. समोरचा दिवा रंग बदलतो, बटण सोडताच पडदा एकदा हलतो, आणि काळे पट्टे निघून जातात.