सेल्फ, बॅटरी आणि अर्थ : जुन्या ट्रकमधला विजेचा दोष कसा शोधावा

जुन्या डिझेल ट्रकच्या इंजिनाला चालू राहण्यासाठी वीज लागत नाही. यांत्रिक पंप डिझेल फवारतो, सिलिंडरमध्ये दाबल्या गेलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेटते आणि इंजिन बंद करायचे झाले तर स्टॉपची केबल ओढावी लागते. इंधन बंद करण्यासाठी सोलेनॉइड बसवलेल्या गाड्या तेवढ्या याला अपवाद. वीज हवी ती पहिले काही फेरे मारण्यापुरती. म्हणूनच या गाड्यांमधल्या विजेच्या दोषांकडे महिनोन्महिने दुर्लक्ष करता येते. रात्री गाडी उतारावर लावायची, सकाळी गिअर टाकून सोडायची, की दिवस निघतो. मग कधीतरी मार्केट यार्डाच्या सपाट जागेत भरलेली गाडी उभी राहते आणि लगेच निदान होते, सेल्फ गेला. सेल्फ उतरवला जातो, दुरुस्तीचे पैसे दिले जातात आणि आठवड्याभरात तीच तक्रार परत येते. कारण दोष बहुतेक वेळा सेल्फमध्ये नसतो, सेल्फपर्यंत वीज नेणाऱ्या वाटेवर असतो.

ही वाट दुहेरी आहे. चावी फिरवली की एक लहान प्रवाह चावीच्या स्विचमधून, काही गाड्यांत रिलेमधून, सोलेनॉइडला पोहोचतो. सोलेनॉइड दोन कामे करतो : बेंडिक्सचा छोटा गिअर पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या रिंग गिअरमध्ये अडकवतो आणि आतले तांब्याचे जाड संपर्क जोडतो. हे संपर्क जुळले की दुसरा, मोठा प्रवाह सुरू होतो. तो बॅटरीच्या प्लसपासून जाड केबलने सोलेनॉइडवर, तिथून सेल्फच्या मोटरमध्ये, मग इंजिनाच्या धडातून अर्थच्या पट्टीने चेसिसवर आणि चेसिसवरून बॅटरीच्या मायनसला परत येतो. परतीचा हा अर्धा रस्ता डोळ्यांना वायरसारखा दिसत नाही, त्यामुळे तो सहसा तपासलाच जात नाही.

मोठा प्रवाह किती मोठा असतो हे समजले की अर्धे निदान झाले. ४०७ सारख्या १२ व्होल्टच्या हलक्या ट्रकचा सेल्फ इंजिन फिरवताना काहीशे अँपिअर ओढतो. हिशेबासाठी ३०० धरू. केबलचे लग आणि बॅटरीचे टर्मिनल यांच्यामध्ये गंजाचा पातळ थर बसून ०.०१ ओहमचा अडथळा तयार झाला, तर ३०० अँपिअरला तिथेच ३ व्होल्ट हरवतात. बॅटरी आधीच ताणाखाली १० व्होल्टवर आलेली असते. सेल्फच्या वाट्याला ७ उरतात आणि त्याच्याने इंजिन हलत नाही. त्याच टर्मिनलमधून हेडलाइटचा ५ अँपिअरचा प्रवाह गेला, तर हरवतो फक्त ०.०५ व्होल्ट. म्हणजे दिवा लख्ख लागतो, हॉर्न वाजतो आणि सेल्फ मात्र गप्प राहतो. "दिवे लागतात, म्हणजे बॅटरी आणि वायरिंग ठीक आहे" हा गॅरेजमधला सर्वांत महागात पडणारा समज आहे. विजेची वाट तपासायची ती तिच्यावर पूर्ण भार असतानाच.

सुरुवात तरीही बॅटरीपासूनच करावी. गाडी काही तास उभी असताना १२ व्होल्टच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात, १२.२ च्या आसपास ती निम्मी रिकामी असते. झाकणे उघडता येत असतील तर हायड्रोमीटर अधिक खरे सांगतो. भरलेल्या सेलमध्ये आम्लाची घनता, हवामानाप्रमाणे, १.२४० ते १.२८० असते. सहापैकी पाच सेल सारखे आणि एक बराच खाली दिसला, तर तो सेल मेला आहे. अशी बॅटरी कितीही चार्ज केली तरी उपयोग नाही. त्यानंतर भाराची चाचणी : स्टॉपची केबल ओढून धरावी, म्हणजे इंजिन पेटणार नाही, आणि सेल्फ मारताना बॅटरीवरचा आकडा पाहावा. १२ व्होल्टच्या गाडीत तो साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. त्याखाली घसरला, तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ वाजवीपेक्षा जास्त प्रवाह ओढतो आहे.

मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. तिथे एक खास दुखणे आढळते. टेप, केबिनमधला पंखा किंवा मोबाइलचा चार्जर १२ व्होल्टचा असतो, म्हणून तो दोनपैकी एकाच बॅटरीवरून जोडला जातो. ती बॅटरी रोज थोडी जास्त रिकामी होते. अल्टरनेटरला मात्र दोघींची बेरीजच दिसते. परिणामी एक कायम उपाशी राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन तिचे पाणी उडते आणि काही महिन्यांत दोन्ही बाद होतात. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर बसवला की हा प्रश्न मिटतो. बॅटऱ्या बदलतानाही जोडीनेच बदलाव्यात. नवी आणि जुनी एकत्र बसवली, तर नवी लवकर खचते.

बॅटरी ठीक असेल, तर चावी फिरवल्यावर येणारा आवाज पुढची दिशा दाखवतो. काहीच आवाज आला नाही, तर लहान प्रवाहाची वाट तुटली आहे : चावीचा स्विच, रिले, किंवा सोलेनॉइडच्या लहान टर्मिनलवरची सैल झालेली वायर. टेस्ट लॅम्पचे एक टोक त्या टर्मिनलवर आणि दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूवर लावून चावी फिरवावी. दिवा लागला आणि सोलेनॉइड हलला नाही, तर सोलेनॉइडचा किंवा सेल्फच्या अर्थचा दोष. दिवाच लागला नाही, तर वायरमागे चावीपर्यंत जावे.

टकटकटक असा जलद आवाज वेगळी गोष्ट सांगतो. सोलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात, एक जोराने ओढणारी आणि दुसरी ओढलेले धरून ठेवणारी. संपर्क जुळताच ओढणारी गुंडाळी आपोआप निकामी होते आणि सगळी भिस्त धरणारीवर येते. त्याच क्षणी मोटर प्रचंड प्रवाह मागते, कमजोर बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो, धरणारी गुंडाळी पकड सोडते, संपर्क उघडतात, व्होल्टेज परत चढतो आणि पुन्हा ओढ बसते. हे चक्र सेकंदाला अनेकदा फिरते. तेव्हा टकटक म्हणजे बहुधा रिकामी बॅटरी किंवा खराब टर्मिनल. ती दोन्ही चोख असतील तरच धरणारी गुंडाळी तुटल्याचा संशय घ्यावा.

एकच "टक्" आणि मग शांतता, अशा वेळी हेडलाइट लावून ठेवावेत. सेल्फ मारताना दिवे एकदम मंद झाले, तर प्रवाह मागितला जातो आहे पण मोटर फिरत नाही : बॅटरी, टर्मिनल, आतून जाम झालेला सेल्फ किंवा क्वचित जाम इंजिन. दिवे जसेच्या तसे राहिले, तर मोटरपर्यंत प्रवाह जातच नाही. सोलेनॉइडचे जळलेले संपर्क किंवा झिजून आखूड झालेले कार्बन ही त्याची नेहमीची कारणे.

यानंतरची तपासणी मल्टीमीटरने, आणि सगळ्या कामात तीच सर्वांत मोलाची आहे. मीटर डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवावा, २४ व्होल्टच्या गाडीत त्यावरच्या. लाल टोक बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खुंटावरच टेकवावे, लगवर नाही. काळे टोक सोलेनॉइडवर येणाऱ्या जाड केबलच्या बोल्टवर. सहकाऱ्याने स्टॉप ओढून चावी फिरवताच मीटर जे दाखवतो ते त्या टप्प्यात हरवलेले व्होल्ट. १२ व्होल्टच्या गाडीत ०.२ ते ०.३ पर्यंत चालते. समजा १.४ दिसले. मग काळे टोक मागे आणून बॅटरीवरच्या लगला लावावे. तिथेच १.२ मिळाले, तर केबल बदलायची गरज नाही; खुंट आणि लग यांच्यामधला पांढरा-हिरवट थर पॉलिश पेपरने काढून, घट्ट आवळून वर व्हॅसलीन लावले की काम झाले. पुढे काळे टोक सोलेनॉइडच्या मोटरकडच्या बोल्टवर न्यावे. या ठिकाणी चावी फिरवण्याआधी पूर्ण बॅटरी दिसते, त्यामुळे आकडा फक्त सेल्फ फिरत असतानाचा घ्यायचा. तो मागच्यापेक्षा बराच वाढला, तर आतले संपर्क जळले आहेत. शेवटी एक टोक सेल्फच्या धडावर आणि दुसरे मायनसच्या खुंटावर. परतीच्या वाटेवर ०.३ पेक्षा जास्त हरवत असेल, तर अर्थ खराब.

अर्थचा दोष या गाड्यांमध्ये फार आढळतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, म्हणजे चेसिसशी त्याचा विजेचा संबंध अर्थच्या पट्टीपुरताच. क्लच किंवा गिअरबॉक्सचे काम करताना ही पट्टी काढली जाते आणि रंग किंवा चिखलावरच परत आवळली जाते, किंवा राहूनच जाते. मग सेल्फचा प्रवाह मिळेल तिथून परत येऊ पाहतो आणि अॅक्सिलरेटर किंवा स्टॉपच्या लोखंडी केबलमधूनही जातो. सेल्फ मारल्यावर ही केबल गरम लागली, तर दुसरा पुरावा शोधायला नको.

सगळ्या वाटेवर व्होल्ट नीट पोहोचत असूनही सेल्फ जड फिरत असेल, तेव्हाच तो उतरवावा. कार्बन, कम्युटेटर आणि बुश पाहावेत. बुश झिजला की आर्मेचर खाली बसून पोलला घासतो, प्रवाह वाढतो आणि ताकद घटते. पोलवर चकाकणारा ओरखडा ही त्याची खूण. मोटर भर्रकन फिरते पण इंजिन जागचे हलत नाही, तेव्हा बेंडिक्स घसरतो आहे. कधी नुसता खरखराट होतो, फ्लायव्हील हाताने थोडे फिरवले की गाडी लगेच सुरू होते आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. यात दोष रिंग गिअरचा. बंद होताना इंजिन कॉम्प्रेशनमुळे ठरावीक जागीच थांबते, चार सिलिंडरचे दोन ठिकाणी आणि सहाचे तीन ठिकाणी, आणि तेवढ्याच जागचे दाते बेंडिक्सचे घाव झेलून झिजतात. नवा सेल्फ बसवून हा दोष जात नाही.

या कामात एक सवय जिवावर बेतते. सेल्फ लागत नाही म्हणून गाडीखाली शिरून सोलेनॉइडच्या दोन बोल्टवर पाना आडवा लावला जातो. गाडी गिअरमध्ये असेल, तर ती त्याच क्षणी पुढे सरकते आणि यांत्रिक पंपाचे इंजिन चावीशिवायही धरू शकते. न्यूट्रल, हँडब्रेक आणि चाकांना लाकडी ठोकळे याशिवाय कुणीही खाली जाऊ नये. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून ठिणगी आणि विडी-सिगारेट दूर. केबल काढताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये मिनिटभर तरी थंड होऊ द्यावा.

गाडी सुरू झाली, पण रोज सकाळी बॅटरी उतरलेली सापडते, तर चार्जिंग पाहावे. इंजिन मध्यम वेगात असताना १२ व्होल्टच्या गाडीत १३.८ ते १४.४ आणि २४ च्या गाडीत साधारण २७.६ ते २८.८ व्होल्ट हवेत. कमी असतील, तर आधी पट्टा : गुळगुळीत चकाकणारा पट्टा घट्ट दिसूनही घसरतो. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवाही पाहावा. अनेक अल्टरनेटरना सुरुवातीचा प्रवाह त्याच बल्बमधून मिळतो. चावी दिल्यावर तो लागतच नसेल, तर दहा-वीस रुपयांच्या बल्बपायी अल्टरनेटर काढला जाण्याची वेळ येते. इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून चार्जिंग तपासण्याची जुनी पद्धत डायोड जाळते. चेसिसवर किंवा बॉडीवर वेल्डिंग करतानाही बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडवून ठेवाव्यात.

चार्जिंग बरोबर असेल, तर रात्री वीज कुठे जाते ते पाहायचे. सगळे बंद करून मायनसची केबल काढावी आणि केबल व खुंट यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर जोडावा. जुन्या ट्रकमध्ये हा आकडा जवळपास शून्य असायला हवा. १ अँपिअर गळत असेल, तर १०० अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांत निम्मी होते. एकेक फ्यूज काढत जावे. आकडा ज्या फ्यूजला पडतो, गळती त्याच सर्किटमध्ये. एकाही फ्यूजने फरक पडला नाही, तर अल्टरनेटरची जाड वायर सोडवून पाहावी, कारण फुटलेला डायोड फ्यूजला वळसा घालून बॅटरी रिकामी करतो.

दिव्यांच्या बऱ्याच तक्रारी अर्थपाशीच येऊन थांबतात. ब्रेक दाबला की इंडिकेटरही मिणमिणतो किंवा पार्किंगचा दिवा मंद होतो, याचा अर्थ त्या मागच्या दिव्याचा अर्थ तुटला आहे आणि प्रवाह शेजारच्या बल्बमधून परतीची वाट शोधतो आहे. हेडलाइट पिवळट पडत असतील, तर दिव्याच्या टोकाशी व्होल्ट मोजावेत. व्होल्टेज दहा टक्के कमी झाले, तर साध्या फिलामेंटच्या बल्बचा उजेड सुमारे तीस टक्के घटतो. रात्रीच्या घाटरस्त्यावर एवढा फरक समोरचा माणूस दिसणे न दिसणे ठरवतो. बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज आणि रिले घेऊन हेडलाइटला थेट वीज दिली की तो भरून निघतो.

उरतो तो शॉर्ट. फ्यूज लागोपाठ उडतो म्हणून तिथे तांब्याची तार किंवा चंदेरी कागद घातला, तर जळण्याचे काम फ्यूजऐवजी वायरिंग करते आणि केबिनला आग लागते. त्याऐवजी फ्यूजच्या जागी ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब, २४ व्होल्टच्या गाडीत २४ चाच, दोन वायरींनी जोडावा आणि त्या सर्किटवरचे दिवे काढून ठेवावेत. शॉर्ट असेपर्यंत बल्ब पूर्ण तेजाने जळतो, पण वायर सुरक्षित राहते. मग लूम हातात घेऊन पुढून मागे हलवत जावे, विशेषतः जिथे ती चेसिसच्या भोकातून जाते, सायलेन्सरजवळून वळते किंवा केबिनच्या बिजागरीपाशी वाकते. बल्ब ज्या ठिकाणी विझतो किंवा फडफडतो, तिथले आवरण सोलले की उघडी पडलेली तार दिसते. ती कापून तेवढ्याच जाडीच्या वायरचा तुकडा जोडावा, सांधा झाळून स्लीव्ह चढवावी, भोकात रबराचे ग्रॉमेट बसवावे आणि मगच बल्ब काढून मूळ अँपिअरचा फ्यूज परत लावावा.