चौदा दिवसांपैकी किती? रुग्णांच्या प्रश्नावलीतल्या उत्तरांविषयी

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा आहे. रुग्णाला प्रश्न विचारून त्याचा त्रास मोजायचा असेल, तर उत्तरांचे पर्याय कसे आखायचे? मुद्दाम ‘उत्तरांचे’ म्हणतोय. प्रश्नावली मराठीत आणताना सगळी मेहनत प्रश्नांवर होते, एकेका शब्दावरून वाद होतात. उत्तरांच्या चार घरांचं भाषांतर मात्र शेवटी घाईघाईत उरकलं जातं. आणि गुण पडतात ते त्या चार घरांवरूनच.

खानदेशातल्या माणसाला श्रेणी म्हणजे काय आणि तिचा उंबरठा म्हणजे काय, हे नव्यानं सांगायला नको. पैसेवारी सगळ्यांना माहीत आहे. पूर्वी तिला आणेवारी म्हणायचे. पीक रुपयात किती पैसे आलं ते ठरवायचं; नजर पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. पन्नास पैशांच्या आत आली की गाव टंचाईच्या सवलतींत बसायचं. आता शेताच्या बांधावर उभं राहून ४९ पैसे आणि ५१ पैसे यांतला फरक कुणाला दिसतो? कुणालाच नाही. पण कागदावर एक गाव आत आणि शेजारचं बाहेर. म्हणून लोक पिकाबद्दल भांडत नाहीत, मोजायच्या पद्धतीबद्दल भांडतात. बरोबरच आहे त्यांचं.

रुग्णाच्या प्रश्नावलीतही असाच उंबरठा असतो. फरक इतकाच, की तिथे भांडायला कुणी येत नाही. बाहेर राहिलेल्या माणसाला आपण बाहेर राहिलो हेच माहीत नसतं.

उदाहरण घेऊ पीएचक्यू-९ चं. नैराश्याची चाचपणी करणारी नऊ प्रश्नांची यादी. रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोन्के यांनी अमेरिकेत तयार केली. तिच्या विश्वासार्हतेचा मुख्य अभ्यास २००१ मध्ये छापून आला. फुकट वापरता येते, लहान आहे, म्हणून जगभर गेली. प्रश्न असे: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटत नाही, उदास वाटतं, झोप नीट नाही, थकवा येतो, असं किती वेळा झालं? प्रत्येकाला चार उत्तरं. अजिबात नाही, शून्य. काही दिवस, एक. अर्ध्याहून जास्त दिवस, दोन. जवळजवळ रोज, तीन. बेरीज शून्य ते २७. ५, १०, १५ आणि २० या पायऱ्यांवर सौम्य, मध्यम, मध्यम-तीव्र, तीव्र अशी वर्गवारी. नेहमीचा उंबरठा १०. त्या २००१ च्या अभ्यासात १० वर रेष मारली तर खऱ्या रुग्णांपैकी ८८ टक्के सापडत होते, आणि आजार नसलेल्यांपैकी ८८ टक्के बरोबर बाजूला राहत होते.

यातले पहिले दोन प्रश्न वेगळे काढले की पीएचक्यू-२ होते. हे दोन प्रश्न आज आपल्या गावागावांत विचारले जातात. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा जो सीबॅक फॉर्म आशाताई भरतात, रक्तदाब-मधुमेहाच्या जोखमीचा, त्याच्या सुधारित नमुन्यात हे दोन प्रश्न आहेत, तीच चार घरं आहेत. म्हणजे पारोळ्याच्या किंवा साक्रीच्या एखाद्या घराच्या ओट्यावर बसून ही श्रेणी वापरली जाते. फक्त तिथे ती कशी वापरली जाते, ते पाहू.

ही यादी मुळात रुग्णानं स्वतः वाचून खूण करायची आहे. चारही पर्याय डोळ्यांसमोर शेजारी शेजारी छापलेले असतात, म्हणून ‘काही दिवस’ म्हणजे ‘अर्ध्याहून जास्त’पेक्षा कमी, हे न सांगता कळतं. आपल्याकडे यादी वाचून दाखवतात. ऐकणाऱ्याच्या कानात चार वाक्यं एकामागून एक जातात आणि शेवटचं तेवढं राहतं. विचारणाऱ्या ताईंनाही ते चार पर्याय दर वेळी म्हणायचा कंटाळा येतो, साहजिक आहे. मग प्रश्न होतो: ‘माय, उदास वाटतं का?’ आणि उत्तर येतं: ‘वाटतं कधी कधी.’ आता हे ‘कधी कधी’ कुठल्या घरात टाकायचं? फॉर्ममध्ये ते घरच नाही. ताई सवयीनं ‘काही दिवस’वर खूण करतात. एक गुण.

हिशेब करा. समजा, नऊपैकी पाच प्रश्नांना ‘काही दिवस’ आणि दोन प्रश्नांना ‘अर्ध्याहून जास्त’. बेरीज नऊ. उंबरठ्याच्या खाली. त्या पाचांपैकी एका ‘कधी कधी’चे प्रत्यक्षात आठ दिवस निघाले, तर बेरीज दहा. दोनच प्रश्नांच्या यादीत तर आणखी अवघड. तिथे मूळ अभ्यासाचा उंबरठा ३ आहे. एक आणि एक दोन, बाई घरी. एक आणि दोन तीन, बाईला पुढे तपासणीला पाठवायचं. सगळा निकाल ‘काही’ आणि ‘अर्ध्याहून जास्त’ यांच्यातल्या कुंपणावर अडकलेला आहे.

आणि हे कुंपण मराठीत फार ढिलं आहे. मूळ इंग्रजीत दुसऱ्या घरात ‘सेव्हरल डेज’ आहे. ‘काही दिवस’ म्हटलं तर मराठी कानाला ते अगदी थोडे वाटतात, दोन-तीन. ‘बरेच दिवस’ म्हटलं तर ते एवढे मोठे होतात की ‘अर्ध्याहून जास्त’च्याही पुढे जाऊन बसतात. शिवाय ‘बरेच दिवसांपासून’ असं ऐकून माणूस वारंवारता सोडून कालावधी सांगायला लागतो: ‘हो, पोरीच्या लग्नापासून.’ उलट भाषांतर करून तपासलं तर ही गडबड दिसत नाही. ‘बरेच’चं इंग्रजी करा, ‘सेव्हरल’ येऊ शकतं. ‘काही’चंही येऊ शकतं. भाषांतरकार खूश. कागद शुद्ध झाला, ऐकणाऱ्याचं काय झालं ते कुणी पाहिलंच नाही.

त्यात आपल्याकडे एकच मराठी नाही. धुळे, अमळनेर, चाळीसगाव पट्ट्यात अहिराणी. यावल, रावेरकडे लेवा गणबोली. सातपुड्याच्या पायथ्याला पावरी, भिली. ज्या बाईला ‘माले’ आणि ‘दुखस’ या शब्दांत त्रास सांगता येतो, तिला प्रमाण मराठीत ‘जवळपास प्रत्येक दिवशी’ असं विचारलं की ती मान हलवते. ही मान आदराची असते. उत्तर म्हणून ती मोजू नये.

मग उपाय काय? माझं मत स्पष्ट आहे: शब्द काढा, दिवस मोजा. ‘गेल्या चौदा दिवसांत कितला दिन?’ एवढंच विचारा आणि आकडा लिहून घ्या. घर नंतर आपण ठरवायचं. हे माझ्या मनाचं नाही. अमेरिकेतल्या शुश्रूषागृहांत वृद्धांना हेच नऊ प्रश्न विचारतात तेव्हा फॉर्मवर दिवसांचे आकडेच छापलेले असतात: शून्य किंवा एक दिवस म्हणजे शून्य गुण, दोन ते सहा दिवसांना एक, सात ते अकराला दोन, बारा ते चौदाला तीन. सात म्हणजे नेमके अर्धे, ‘अर्ध्याहून जास्त’ नव्हेत, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण रेष कुठेतरी मारावी लागतेच, आणि ती सगळीकडे एकाच जागी मारली गेली तर निदान चोपड्याचे गुण शिरपूरच्या गुणांशेजारी ठेवता येतात.

चौदा दिवस आठवायला मात्र खुंटी लागते. ‘दोन आठवडे’ ही सरकारी भाषा झाली. गावाच्या आठवडी बाजाराचा वार सगळ्यांना पाठ असतो. म्हणून ‘मागच्याच्या मागच्या बाजारापासून आजपर्यंत’ असं विचारा. भिंतीवर कालनिर्णय असतंच, त्यावर बोट ठेवा. अखाजी किंवा पोळा मध्ये येऊन गेला असेल तर त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे दिवस वेगळे विचारा. वाचता न येणाऱ्यासमोर सरकीचे चौदा दाणे ठेवले तरी चालतं: ‘एवढे दिवस. यातले वाईट गेले ते बाजूला करा.’ नऊ की दहा, असा गोंधळ झाला तरी बिघडत नाही, घरं तेवढी रुंद आहेत. आपल्याला सहा आणि सात यांच्यापाशीच सावध राहायचं आहे.

शब्दच वापरायचे असतील, तर ते आधी तपासायची एक स्वस्त रीत आहे. चार पर्यायांच्या चार चिठ्ठ्या करा. ज्या भागात प्रश्नावली वापरायची तिथल्या पंधरा-वीस माणसांना, रुग्ण नसलेल्यांनाही, त्या कमीकडून जास्तीकडे लावायला सांगा. न वाचणाऱ्यांना बोलून दाखवा. मग प्रत्येक चिठ्ठीला विचारा, चौदापैकी साधारण किती दिवस? दोन चिठ्ठ्यांचा क्रम लोक उलटसुलट लावू लागले, किंवा दोघींना सारखेच दिवस देऊ लागले, तर त्या दोन पायऱ्या नाहीत, एकच आहे. हे काम एका दुपारचं आहे. तरी फार कमी ठिकाणी होतं.

आता दुसऱ्या जातीची श्रेणी. डेव्हिड गोल्डबर्ग यांची जीएचक्यू नावाची जुनी प्रश्नावली आहे, तिचं बारा प्रश्नांचं रूप आपल्या देशातही वापरलं गेलं. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी अशा पाच प्रश्नावल्यांची तुलना केली होती, २००८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यात ही आणि पीएचक्यू दोन्ही होत्या. जीएचक्यूची उत्तरं तुलनेची असतात: नेहमीपेक्षा कमी, नेहमीइतकंच, नेहमीपेक्षा जास्त. ताज्या त्रासाला हे ठीक. पण ज्याचं ‘नेहमीचं’च वाईट आहे, त्याचं काय? दहा वर्षं झोप नसलेला माणूस प्रामाणिकपणे ‘नेहमीसारखंच’ म्हणतो आणि निरोगी ठरतो. आपल्याकडे तर ‘नेहमीसारखंच’ हे कुणी विचारपूस केली की द्यायचं उत्तरच आहे.

वेदनेच्या श्रेणीबद्दल थोडक्यात. शून्य ते दहा आकडा विचारतात. लहान मुलांसाठी चेहऱ्यांची पट्टी असते. वाँग-बेकर पट्टीत सहा चेहरे आहेत, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. सातपुड्याच्या पायथ्याच्या सिकलसेलच्या मुलांना वेदनेचे झटके येतात, तिथे अशी पट्टी लागतेच. पण हसरा चेहरा म्हणजे ‘दुखत नाही’ की ‘मी खूश आहे’? आणि न रडणारं मूल रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवेल का? या अडचणीमुळेच २००१ मध्ये आलेल्या सुधारित चेहरापट्टीत पहिला चेहरा हसरा नाही, साधा आहे, आणि कुठेच अश्रू नाहीत. मोठ्या माणसांना मी चेहरे दाखवायला सांगणार नाही. पन्नाशीच्या शेतकऱ्याला ते पोरखेळ वाटतात. त्याला ‘रुपयात किती?’ विचारा. ‘बारा आणे फरक पडला, डॉक्टर’ असं म्हाताऱ्या तोंडून अजून ऐकू येतं. उत्तम श्रेणी आहे ती: दोन्ही टोकं पक्की, पायऱ्या सारख्या. तरुणांना आणे कळत नाहीत, त्यांना पैसे विचारा.

ऋतूचंही भान ठेवा. मे महिन्यात जळगावात पारा ४५ च्या पुढे जातो, रात्री लाईट जाते. तेव्हा झोपेच्या प्रश्नाला अख्खं गाव तीन गुण घेईल. तिथे ‘गरमीमुळे की विचारांमुळे?’ हा जोडप्रश्न लागतो. उत्तर बदलायचं नाही, शेजारी नोंदवायचं.

आता नववा प्रश्न. मरून गेलेलं बरं, किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार. इथे श्रेणी बाजूला ठेवायची. बेरीज चार असली आणि या एका प्रश्नाला ‘एक दिवस’ असं उत्तर आलं, तरी फॉर्म तिथेच थांबतो आणि बोलणं सुरू होतं: एकट्यानं, शांतपणे, घरच्यांचा घोळका बाजूला करून. दिवसांच्या हिशेबात ‘एक दिवस’ म्हणजे शून्य गुण, हे मघाशी सांगितलं. ती सवलत या प्रश्नाला लागू करायची नाही. विचारल्यानं असा विचार डोक्यात घातला जात नाही, ही भीती सोडा. आणि शब्द जपून वापरा. कापसाच्या पट्ट्यात ‘औषध’ म्हणजे फवारणीचंही औषध. ‘औषध घेतलं का?’ या वाक्याचे इथे दोन अर्थ होतात, आणि दुसरा भयंकर आहे. ‘गोळी’ म्हणा. असं उत्तर आलं तर त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवायचं, माणसाला एकटं सोडायचं नाही, घरातलं फवारणीचं औषध कुलपात किंवा शेजाऱ्याकडे जाईल हे बघायचं. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

(प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न: आमच्या फॉर्ममध्ये दिवस लिहायला जागाच नाही, चार घरांपैकी एकावर खूण करायची असते. मग?

उत्तर: खूण त्याच घरावर करा, ताई, फॉर्म बदलायचा अधिकार आपल्याला नाही. पण विचारताना दिवस विचारा आणि समासात पेन्सिलनं आकडा टाका. मोबाईलवर भरत असाल तर डायरीत. पुढच्या भेटीला ‘मागे आठ सांगितले होते, आता किती?’ असं विचारता येतं, आणि आठाचे पाच झाले तर ते त्या बाईलाही कळतं.

प्रश्न: सासू शेजारी बसलेली असेल तर?

उत्तर: तर आकडा शून्य येईल. तो लिहू नका. पाणी मागा, वजनाचा काटा अंगणात ठेवा, काहीही करा. आणि नाहीच जमलं तर ते दोन प्रश्न तसेच कोरे ठेवून पुन्हा जा.